चार तळहातांएवढी पकड : बर्फावरच्या टायरचा इतिहास

मराठीतला ‘बर्फ’ हा शब्द फारसीतून आलेला आहे. फारसीत मात्र ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे भुरभुरीत हिम. पाणी गोठून जो टणक, काचेसारखा थर होतो, त्याला तिथे ‘यख’ म्हणतात. इराणमध्ये आजही फ्रीजला ‘यखचाल’ म्हणतात ते त्यामुळेच. उर्दूने ‘यख’ ‘यख-बस्ता’सारख्या मोजक्या शब्दांत जपला आणि बाकीचे काम ‘बर्फ’वर सोपवले. मराठीच्या रोजच्या बोलण्यात तो आलाच नाही. काश्मिरी माणसाने मात्र पडणाऱ्या हिमासाठी ‘शीन’ हा आपला वेगळा शब्द सांभाळला. ज्यांच्या दारात बर्फ पडतो त्यांना दोन शब्द लागतात. आपण बर्फ पाहिला तो उसाच्या रसात आणि मासळीच्या टोपलीत, म्हणून आपले एकावर भागते.

गाडीच्या चाकाखाली मात्र एका शब्दावर भागत नाही. भुरभुरीत बर्फावर चाक रुतते आणि टणक बर्फावर घसरते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि ते सापडायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हा विषय महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचा वाटेल, पण आता तो तितका दूर राहिलेला नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतली एक पिढी आखातात राबली आणि त्याच घरांतली पुढची पिढी कॅनडा किंवा जर्मनीकडे निघाली आहे. दुबई-रियाधमध्ये फोर व्हील ड्राइव्ह गाडी वाळूत चालवलेल्या माणसाला आपल्या गाडीवर फार भरवसा असतो. वाळूत गाडी अडकते आणि तिला बाहेर काढायला जोर लागतो, तेव्हा चारही चाकांना मिळणारी ताकद खरोखर उपयोगी पडते. बर्फावर हीच गाडी झटकन सुटते आणि चालवणाऱ्याला वाटते की इथेही तेच सूत्र लागू आहे. पण बर्फावर खरी अडचण निघण्याची नसते, थांबण्याची असते. ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना फोर व्हील ड्राइव्हवाल्याला जास्तीचे काही मिळत नाही. त्याच्याकडेही शेवटी तेवढेच असते, जेवढे साध्या गाडीकडे असते : चार टायर, आणि प्रत्येक टायरची जमिनीला टेकलेली साधारण तळहाताएवढी जागा.

थोडा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे ब्रेक करकचून दाबले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती साधारण १३ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या हिमावर हेच अंतर सुमारे ४० मीटर होते. निसरड्या टणक बर्फावर ते १०० मीटरच्या घरात जाते. गाडीचे वजन किंवा इंजिनाची ताकद या हिशेबात फारसा फरक करत नाही. फरक करते ते रबर.

रबराचा जुना आजार

रबराचे आणि थंडीचे वैर टायरपेक्षाही जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रबरी बूट आणि कापडांचा मोठा बोलबाला झाला आणि तितक्याच लवकर तो विरला. कच्चे रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकत असे. चार्ल्स गुडइयर या माणसाने या एका दुखण्यापायी आयुष्य घालवले. १८३९ मध्ये त्याच्या लक्षात आले की गंधक मिसळून रबर तापवले, तर ते ना उन्हाने वितळते ना थंडीने तडकते. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले, पण त्याचा हयातीत फारसा लाभ झाला नाही. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यावर कर्ज होते. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

गुडइयरने आजार आटोक्यात आणला, पण मुळापासून काढला नाही. गंधकाने पक्के केलेले रबरही थंडीत घट्ट होतेच, फक्त ते हळूहळू होते. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली आपला लवचीकपणा गमावू लागते. रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरून धरून ठेवणे हे रबराचे काम असते, आणि कडक रबराला ते जमत नाही. म्हणून हिवाळी टायरचा प्रश्न केवळ बर्फ पडला तरच उभा राहतो असे नाही. कोरड्या पण गारठलेल्या रस्त्यावरही तो असतो.

साखळीपासून नोकियापर्यंत

मोटारी आल्या तेव्हाचे टायर जवळजवळ गुळगुळीत होते. बर्फात किंवा चिखलात चालक चाकांना दोर गुंडाळत. ते पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड याने चाकावर चढवायच्या साखळ्या तयार केल्या आणि १९०४ मध्ये पेटंट घेतले. सव्वाशे वर्षे होत आली तरी ती कल्पना बाद झालेली नाही. आपल्याकडे बर्फ पडल्यावर टंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर याच साखळ्या दिसतात. पण साखळी ही तात्पुरती सोय आहे. ती चढवून वेगाने जाता येत नाही, आणि मोकळ्या डांबरावर ती रस्ताही खाते आणि स्वतःही झिजते.

पुढचे पाऊल पडले ते फिनलंडमध्ये. तिथे १८९८ मध्ये स्थापन झालेला एक रबर कारखाना काही वर्षांनी नोकिया नावाच्या गावी आला. हेच ते नोकिया. १९६७ मध्ये रबर, कागद आणि केबल बनवणाऱ्या कंपन्या एकत्र येऊन जो उद्योगसमूह झाला, त्याचेच फोन पुढे आपल्या खिशात आले. या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी ‘केलिरेंगास’ नावाचा टायर काढला. जगातला पहिला हिवाळी टायर म्हणून तो ओळखला जातो. त्याची युक्ती साधी होती : टायरवर आडव्या, खोल खाचा. चाक फिरते तसे हिम या खाचांत भरते आणि दाबले जाते, आणि रस्त्यावरच्या हिमाला टायरमधले हिमच धरते. मुलांनी बर्फाचा गोळा केला की तो हिमावर टाकताच चिकटतो, तसेच हे. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठीचा ‘हाक्कापेलिट्टा’ आला. सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांच्या नावावरून ठेवलेले हे नाव आजही त्या टायरांवर आहे.

म्हणजे हिमाचा प्रश्न खोल नक्षीने बराचसा सुटला. ‘यख’चा प्रश्न मात्र तसाच राहिला. काचेसारख्या बर्फावर खाचांत भरायला काही नसतेच.

खिळे, आणि सेंदाई शहराची धूळ

त्यावर सुचलेला उपाय अगदी सरळ होता : टायरमध्ये धातूचे छोटे खिळे बसवायचे. १९६० च्या दशकात असे टायर युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये पसरले. टणक बर्फावर ते उत्तम चालत. पण हिवाळ्यातला प्रत्येक दिवस बर्फाचा नसतो. रस्ता मोकळा झाला की तेच खिळे डांबर कुरतडत. जर्मनीने रस्त्यांची नासधूस पाहून १९७५ मध्ये खिळ्यांच्या टायरांवर बंदी घातली.

जपानमधल्या सेंदाई शहराने याची जी किंमत मोजली, ती मात्र या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. आजच्या एसयूव्हीच्या गोष्टीचा एक धागाही याच शहरातून जातो. सेंदाईत तोहोकू विद्युत कंपनीचे मुख्यालय आहे. डोंगरातल्या वीजवाहिन्या हिवाळ्यातही तपासाव्या लागत. त्या कामाच्या जीपगाड्या उघड्या, थंड आणि त्रासाच्या. कंपनीने स्थानिक सुबारू विक्रेत्याकडे मागणी केली की साध्या बंद गाडीलाच फोर व्हील ड्राइव्ह बसवून द्या. त्या प्रयोगातून पुढे १९७२ मध्ये सुबारू लिओनेची फोर व्हील ड्राइव्ह गाडी बाजारात आली. चारही चाकांची ताकद ही लष्कराची आणि शेतावरची गोष्ट होती, ती घरगुती गाडीत येण्याच्या वाटेवरचा हा एक महत्त्वाचा टप्पा.

त्याच सेंदाईत त्याच काळात खिळ्यांचे टायर घरोघरी पोहोचले. सेंदाईला थंडी असते, पण बर्फ फार साचत नाही. म्हणजे हिवाळ्यातले बरेच दिवस रस्ते कोरडे आणि गाड्यांखाली लाखो खिळे. डांबराची बारीक धूळ शहरावर तरंगू लागली. लोक तोंडाला कापड बांधून फिरू लागले, कपडे बाहेर वाळत घालणे अवघड झाले. शहराला ‘सेंदाईचे वाळवंट’ असे नाव पडले. हिवाळ्यात, पावसापाण्याच्या देशात, वाळवंट!

लोकांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. सेंदाई ज्या मियागी प्रांतात आहे, त्याने १९८५ मध्ये खिळ्यांच्या टायरांवर नियम केला. नागानोत वकिलांनी टायर कंपन्यांविरुद्ध प्रदूषणाचा दावा तडजोड-मंडळापुढे नेला. १९८८ मध्ये जपानच्या मोठ्या टायर कंपन्यांनी मान्य केले की १९९० अखेर उत्पादन आणि त्यानंतरच्या मार्चअखेर विक्री बंद करू. १९९० च्या जूनमध्ये देशभराचा कायदाही झाला.

इथे एक अडचण होती, आणि ती खोटी नव्हती. खिळे काढले तर बर्फावर माणसे मरतील, ठेवले तर धुळीने आजारी पडतील. गाडीतल्याचा जीव आणि फुटपाथवरच्याचा श्वास, यांतले एक निवडायचे काय? जपानने दोन्ही राखायचे ठरवले, आणि त्या सक्तीतून संशोधनाला वेग आला.

खिळ्याविना पकड

बर्फ निसरडा का असतो, याचे व्यवहारातले उत्तर असे की चाकाखाली पाण्याचा अतिपातळ थर असतो आणि टायर त्यावर तरंगतो. म्हणूनच शून्याच्या आसपासचा, घामाळलेला बर्फ कडक गोठलेल्या बर्फाहून घातक असतो. १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने ‘ब्लिझॅक’ हा बिनखिळ्यांचा टायर आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रे होती. ती हा पाण्याचा थर टिपून घेत आणि रबर थेट बर्फाला टेके. त्याबरोबर टायरच्या ठोकळ्यांवर अतिबारीक चिरा पाडण्याचे तंत्रही सुधारत गेले. या चिरा दाबाखाली उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला ओरखडून धरतात.

दुसरा बदल रबराच्या पाककृतीत झाला. टायर काळा असतो तो काजळीमुळे. ती रबराला बळकटी देते. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरून कमी इंधन खाणारा टायर बाजारात आणला. सिलिकाच्या मिश्रणाचा आणखी एक गुण म्हणजे असे रबर थंडीत जास्त लवचीक राहते. गुडइयरने ज्या आजाराशी झुंज सुरू केली होती, त्यावर दीडशे वर्षांनी असा उतारा मिळाला.

आता प्रश्न राहिला ओळखीचा. बाजारात ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि हिम, असे छापलेले टायर पुष्कळ होते. पण हा शिक्का नक्षीच्या ठेवणीवरून लागे, त्यासाठी बर्फावर कसलीही परीक्षा नव्हती. एसयूव्हीच्या बारमाही टायरांवर तो सर्रास असे आणि ग्राहक निश्चिंत होई. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या टायर उत्पादकांनी नवे चिन्ह ठरवले : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. दाबलेल्या हिमावरच्या चाचणीत ठरावीक प्रमाण-टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवणाऱ्या टायरलाच ते मिळते.

कायदे त्याच्या मागून आले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८ च्या डिसेंबरपासून हिवाळी टायर सक्तीचे केले. सध्या तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. शेजारच्या ओंटारिओत अशी सरसकट सक्ती नाही. जर्मनीत २००६ चा नियम ‘हवामानाला साजेशी साधने’ असे मोघम बोलत होता. २०१० मध्ये एका न्यायालयाने हा मोघमपणा मान्य केला नाही आणि त्याच डिसेंबरमध्ये स्पष्ट नियम आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे हिवाळी परिस्थितीत डोंगर-हिमकणाचे चिन्ह असलेला टायरच चालतो, नुसते ‘एम प्लस एस’ पुरत नाही.

मग एसयूव्हीसाठी काय निवडावे?

हा इतिहास ध्यानात ठेवला तर निवड फारशी अवघड उरत नाही.

पहिले, चिन्ह पाहावे. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर नसेल, तर तो हिवाळी टायर नाही, दुकानदार काहीही म्हणो. पण हे चिन्हही हिमावरच्या परीक्षेचे आहे, ‘यख’वरच्या नव्हे. जिथे रस्त्यावर टणक बर्फ राहतो तिथे उत्तरेकडच्या हवामानासाठी बनवलेले मऊ रबराचे टायर घ्यावेत. फिनलंड, स्वीडनमध्ये खिळ्यांचे टायर आजही चालतात. नॉर्वेच्या ओस्लो, बर्गनसारख्या शहरांत त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. जर्मनीत ते बंदच आहेत.

दुसरे, चारही टायर बदलावेत. पैसे वाचवायला दोनच बदलले, तर पुढची आणि मागची पकड वेगळी होते आणि वळणावर गाडी फिरते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत तर चारही टायरांचा घेर आणि झीज सारखी असणे यंत्रणेच्या तब्येतीसाठीही गरजेचे असते.

तिसरे, चाक मोठे घेऊ नये. एसयूव्हीबरोबर १९ किंवा २० इंची चकचकीत चाके येतात, त्यांवरचा टायर रुंद आणि बाजूने बुटका असतो. हिमावर रुंद टायर वर तरंगू पाहतो, अरुंद टायर हिम कापून खाली टेकतो. शिवाय बाजू उंच असली तर बर्फाखाली लपलेल्या खड्ड्याचा मार चाकाऐवजी टायर सोसतो. म्हणून कंपनीने परवानगी दिलेल्या मापांतले लहान चाक हिवाळ्यासाठी घेणे शहाणपणाचे. उदाहरणार्थ २३५/५५ आर १९ या टायरचा एकूण व्यास सुमारे ७४१ मिलिमीटर येतो आणि २३५/६५ आर १७ चा सुमारे ७३७. चाक दोन इंच कमी झाले, पण बाहेरून उंची जवळजवळ तीच राहिली, म्हणून वेगदर्शकही चुकत नाही. लहान चाक ब्रेकच्या जबड्याला घासत नाही ना, बोल्टची संख्या आणि वर्तुळ, मधल्या भोकाचे माप, चाक आत-बाहेर किती बसते, हे सारे जुळले पाहिजे. टायरवरचा वजन पेलण्याचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नको, कारण एसयूव्ही जड असते.

चौथे, जमल्यास चाकांचा वेगळा जोड ठेवावा. दर मोसमात टायर चाकावरून काढून पुन्हा चढवण्यात मजुरीही जाते आणि टायरच्या कडाही दुखावतात. साधी लोखंडी चाके स्वस्त पडतात, रस्त्यावरच्या मिठाने गंजली तरी जीव हळहळत नाही. मात्र हवेचा दाब सांगणारे सेन्सर या चाकांतही लागतील, तो खर्च आधीच धरावा.

पाचवे, हवा आणि वय तपासावे. तापमान दर ५ ते ६ अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआय घटतो, म्हणजे उबदार गॅरेजात भरलेली हवा बाहेर कमी ठरते. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असते. नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली की हिवाळी टायर म्हणून त्यात राम उरत नाही. ऑस्ट्रियाने तर ही मर्यादा कायद्यातच घातली आहे.

आणि उन्हाळा लागला की हे टायर काढावेत. मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर झपाट्याने झिजते आणि ब्रेकचे अंतरही वाढते. म्हणूनच महाराष्ट्रात या टायरांचे काही काम नाही. पण हिवाळ्यात काश्मीरला किंवा अटल बोगद्यापलीकडे लाहौलला जाणाऱ्या आपल्या पर्यटकाने भाड्याची गाडी ठरवताना ‘फोर बाय फोर आहे का’ एवढेच विचारू नये. टायरची नक्षी वाकून पाहावी, साखळ्या गाडीत आहेत का आणि चालकाला त्या चढवता येतात का, हेही विचारावे.

आपल्याकडे ‘तवक्कल’ हा शब्द फार वापरला जातो, आणि बऱ्याचदा निष्काळजीपणाला पांघरूण म्हणून. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी (स.) आधी बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितल्याची हदीस मशिदीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. थंड मुलखात गाडी चालवणाऱ्यासाठी टायर म्हणजे ती दोरी आहे. सेंदाईकरांनी त्यात आणखी एक गोष्ट शिकवली : उंट बांधताना दोरी शेजाऱ्याच्या गळ्यात पडणार नाही, हेही बघावे लागते. परदेशातला पहिला हिवाळा समोर असलेल्या घरात कोट आणि बुटांची यादी होत असेल, तर त्या यादीत चार टायर सगळ्यात वर लिहावेत. आणि ते पहिला बर्फ पडण्याच्या आधीच बसवावेत, कारण त्या दिवशी दुकानासमोर साऱ्या गावाची रांग असते.